पोत्यावरची इंग्रजी

पालकांनो, लेकराला स्पेलिंग आलं नाही म्हणून पाठीत धपाटा घालू नका. मराठीत जसं अक्षर तसा उच्चार. इंग्रजीत तसं नाही, तिथं लेकरू गोंधळणारच. सन २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली. आपल्यापैकी कित्येकांनी ती पाचवीत गिरवली, म्हणून का हात झटकायचे?

पशुखाद्याच्या पोत्यावर 'फीड' छापलेलं असतं, ते दाखवा. (बियाण्याची पिशवी नको, तिला औषध लागलेलं असतं.) मधे दोन ई, म्हणून उच्चार लांब. पहिलं अक्षर बदला. बियाणं म्हणजे 'सीड', तण म्हणजे 'वीड'. मग 'रॅट'च्या शेवटी ई लावायला सांगा, 'रेट' होतो. तो ई स्वतः बोलत नाही, आधीच्या ए चा उच्चार बदलतो. 'हॅव'सारखे शब्द नियम मोडतात. तेवढे पाठच करावे लागतात.

कपिलधारची कार्तिकी यात्रा येईतो आपल्याकडची कितीतरी घरं ऊसतोडीला गेलेली असतात, लेकरं आजीजवळ. आजीला इंग्रजी येत नाही? बिघडलं नाही. लेकराने पोत्याकडे न बघता पाटीवर मोठ्या कॅपिटल अक्षरांत शब्द लिहावा, आजीने पाटी पोत्याशेजारी धरून एकेक अक्षर ताडून पाहावं. रोज चार-पाच शब्द, जास्त नकोत.