युनिट शंभराच्या आत

विजेचे बिल हाती आले की बहुतेक घरांत एकच आकडा पाहिला जातो, भरायची रक्कम. आम्ही म्हणतो, त्याआधी ‘एकूण वापर’ पाहा. महाराष्ट्रात घरगुती विजेच्या पहिल्या १०० युनिटांचा दर कमी आहे. १०१ व्या युनिटापासून तो बराच चढतो. हा चढा दर फक्त वरच्या युनिटांनाच लागतो. म्हणून १३० युनिट जाळणाऱ्या घराने ३० वाचविले, तर वाचतात ती सर्वांत महागाची युनिटे.

हिशेब अवघड नाही. हजार वॅट एक तास चालले की एक युनिट. साठ वॅटचा पिवळा बल्ब रोज ५ तास जळला, तर महिन्याला ९ युनिट खातो. तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दिवा दीड युनिटही घेत नाही. मोरीतला, जिन्यातला पिवळा बल्ब आधी बदला.

पंचाहत्तर वॅटचा जुना पंखा रोज १२ तास फिरला की महिन्याला २७ युनिट होतात. ३० वॅटच्या बीएलडीसी पंख्याला ११ पुरतात. हा पंखा महाग असतो. त्यामुळे चालता पंखा काढू नका. पण तो जळाला, तर वाइंडिंगवर पैसे घालण्याआधी हा हिशेब करा.

पत्र्याचे घर असेल, तर उन्हाळ्यापूर्वी पत्र्याला वरून पांढरा चुना द्या. ऊन परतते, घर कमी तापते. पावसात चुना धुऊन जातो, म्हणून दरवर्षी द्यावा लागतो. सिमेंटच्या पत्र्यावर फळी टाकल्याशिवाय पाय ठेवू नका.

फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. दारात कागद धरून दार लावा. कागद सहज ओढला गेला तर रबर बदला.

एकदा सगळी बटणे बंद करून, प्लग काढून मीटर पाहा. तरीही मीटर पुढे सरकत असेल, तर फिटिंगमध्ये गळती आहे किंवा कुणी आपल्या लाईनवर जोडणी घेतली आहे. जाणकार वायरमन बोलवा. इथे पैशाचाच नव्हे, जिवाचाही प्रश्न आहे.

बिलावर रीडिंगची तारीख असते. तेव्हापासून दर आठवड्याला मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहायचे काम शाळकरी मुलांना द्या. पंधरा दिवसांत पन्नाशी ओलांडली, तर उरलेले पंधरा दिवस आपल्या हातात आहेत. बिल आल्यावर काहीच हातात राहत नाही.