मुसळी ओळखा, मग मुसळीचा भाव करा



सन २००० च्या आगेमागे आम्ही शेतकी कॉलेजात शिकत होतो. त्या वेळी महाराष्ट्रभर सफेद मुसळीचे वारे सुटले होते. एकरी लाखांचे हिशोब छापलेली पत्रके गावोगाव फिरत होती. 'बेणे आमच्याकडून घ्या, माल आम्हीच परत घेऊ' असे करार होत होते. कपाशीत बोंडअळीने आणि भावाने मारलेला माणूस त्या पत्रकाला भुलला, यात नवल ते काय? बेणे महाग होते. पुढे तर जो तो एकमेकाला बेणेच विकू लागला. शेवटी ही मुसळी खाणार कोण, हे कोणी विचारले नाही. माल निघाला तेव्हा करार करणारे कित्येक जण दिसेनासे झाले होते आणि भाव कोसळला होता.

आमच्या नात्यातल्या एका घरानेही अर्धा एकर लावायचे ठरवले. बेणे पारखायला आम्हाला नेले, कारण घरात शेती 'शिकणारे' आम्हीच. आम्ही पोत्यात हात घातला, कंद उलटसुलट पाहिला आणि माल चांगला आहे म्हणून मान हलवली. खरे सांगायचे तर तोवर आम्ही मुसळीचे जिवंत झाड पाहिलेच नव्हते. त्या बेण्यातल्या निम्म्याहून अधिक बोटांना वरची चकती नव्हती. डोळा असतो तो चकतीला. नुसते बोट कितीही जाडजूड असो, उगवत नाही. तो अर्धा एकर जवळजवळ रिकामा राहिला. त्या मान हलवण्याची लाज आम्हाला आजही वाटते.

पुढे आम्ही चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला फिरू लागलो. तिथे शाळेची पायरी न चढलेल्या एका पावरा आजीने आम्हाला चार पावसाळी दिवसांत मुसळी शिकवली. तिचे पहिले वाक्य होते, "पावसात ओळखायची, थंडीत खणायची." आमच्या पदवीत नव्हते एवढे शास्त्र त्या एका वाक्यात आहे.

कारण मुसळीचा पाला आश्विनापर्यंत पिवळा पडून गळतो. खणायची वेळ येते तेव्हा जमिनीवर काही उरत नाही. म्हणून श्रावण-भाद्रपदात झाड फुलावर असताना ओळखून खूण करून ठेवायची. पाने बुडातूनच निघतात, लांबट, टोकदार, जमिनीला लगटून पसरलेली. मधून एकच दांडा वर येतो. त्यावर सहा पाकळ्यांची बारीक पांढरी फुले बहुधा तीन-तीनच्या झुबक्याने लागतात. फळ तिधारी असते आणि बी कांद्याच्या बियांसारखे काळे. खाली चकतीलाच चिकटून बोटांसारखी जाड मुळे असतात.

आता फसगत कुठे होते ते पाहा. तिच्याच कुळातली दुसरी एक जात आहे. तिच्या मुळ्या सुतळीसारख्या बारीक निघतात आणि कंद त्यांच्या टोकाला लोंबतात. सुकवून त्यात मिसळली तर व्यापाऱ्याचा फायदा आणि आपली बदनामी. काळी मुसळी तर वेगळ्याच घरची. तिची पाने ताडाच्या रोपासारखी चुण्यांची, फूल पिवळे आणि जमिनीलगत, खाली एकच उभा काळा कंद. तीही औषधी आहे, पण ती ही नव्हे.

आणि खरी भीती कळलावीची आहे. फूल असताना ती कोणीही ओळखेल : ज्वाळेसारख्या लाल-पिवळ्या पाकळ्या आणि वेलीच्या पानाचे टोक ताणासारखे वळलेले. पण हिवाळ्यात वेल वाळून गेली की खाली राहतो तो नांगरासारखा वाकडा, दोन फाट्यांचा कंद. संस्कृतात तिला लांगली म्हणतात ते यावरूनच. त्यात कोल्चिसिन हे विष आहे, माणसाचा जीव घेणारे. खूण न करता खणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. शंका आली तर तो कंद तोंडाला लावू नये, बाजारात तर नेऊच नये.

डोंगरातली माणसे मुसळीचे काय करतात? कंद सोलून, उन्हात वाळवून, त्याचे चूर्ण दुधातून अशक्त माणसाला आणि बाळंतिणीला देतात. डिंकाच्या लाडवातही ते पडते. तिच्या कुळातल्या भाईबंदांचा कोवळा पाला पहिल्या पावसात भाजीला येतो. सह्याद्रीकडे त्यालाच कुळी किंवा फोडशी म्हणतात. शहरात मात्र हीच मुसळी मर्दानी ताकदीच्या डब्यांत भरून विकली जाते. मूळ खणणाऱ्याला काय मिळते आणि डबा काय किमतीला जातो, हे एकदा शेजारी शेजारी लिहून पाहा.

या झाडाला शास्त्रीय नाव मिळाले १९५५ साली, सांतापाव आणि फर्नांडिस या दोघांकडून : क्लोरोफायटम बोरिविलियानम. नाव मुंबईच्या बोरिवलीचे लागले. सातपुड्यातली पिढ्यान् पिढ्यांची ओळख कोणत्याच कागदावर आली नाही. जे कागदावर नाही त्याचा भाव दुसराच ठरवतो, हा आपला कपाशीतला अनुभव इथेही खरा आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे.

पहिले, जंगलातली मुसळी खणणाऱ्यांनी बी पडून गेल्यावरच खणावे, बोटे घ्यावीत आणि चकती एखाद-दुसऱ्या बोटासह परत पुरावी. सगळेच उपटले तर पुढच्या साली डोंगर मोकळा. आजच ती पूर्वीसारखी सापडत नाही.

दुसरे, वनहक्क कायदा २००६ ने औषधी वनस्पती, मुळे आणि कंद गौण वनोपजात धरले आहेत आणि पूर्वापार ते गोळा करणाऱ्या वनवासीयांचा त्यावरचा मालकी हक्क मान्य केला आहे. जैवविविधता कायदा २००२ खाली गावाची समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही आहे. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री या तालुक्यांतल्या डोंगरगावांनी आपली नोंदवही काढून पाहावी. तिच्यात मुसळी आहे का? ती ओळखणाऱ्यांची माहिती त्यांना विचारून लिहिली आहे का, की टेबलावर बसून?

तिसरे आम्हा मैदानातल्यांसाठी. कपाशीच्या भारी काळ्या रानात मुसळी लावू नका. पाणी साचले की कंद सडतो. तिला हलकी, निचऱ्याची जमीन आणि गादीवाफा लागतो. पाऊस लवकर गेला तर एखादे पाणीही द्यावे लागते. चार-पाच किलो ओल्या कंदातून जेमतेम किलोभर सुकी मुसळी निघते आणि सोलायची मजुरी वेगळी. दादरीचे रान मोडून लावण्याचे हे पीक नव्हे. ज्याला हौस आहे त्याने गुंठाभर लावावी, स्वतःचे बेणे स्वतः वाढवावे आणि गिऱ्हाईक आधी शोधावे. बेणे विकणाराच माल घेईन म्हणत असेल, तर त्याचे खरे पीक तुम्ही आहात एवढे समजा.

जिल्हा बैठकीला डोंगरातली आणि मैदानातली माणसे एका सतरंजीवर बसतात. पुढच्या पावसाळ्यातली एक बैठक रानात घ्यावी, अशी आमची सूचना आहे. शिकवायला आजीबाई आणि तिच्यासारखे जाणते असावेत, त्यांना दिवसाची मजुरी सन्मानाने द्यावी आणि आमच्यासारख्या पदवीधरांनी वही घेऊन पुढच्या रांगेत बसावे. ज्याला ओळखता येत नाही त्याने मान हलवू नये, हा धडा आम्ही अर्धा एकर घालवून शिकलो. तुम्ही तो फुकट घ्या.