लिहायची जागा कुणाच्या मालकीची?

धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात बातमीदार नसलेले गाव आज शोधून सापडणार नाही. २०२५ च्या सप्टेंबरात परंडा आणि भूम तालुक्यांत पुराचे पाणी शिरले, तेव्हा बुडालेल्या पिकांची चित्रे तलाठ्याच्या पंचनाम्याआधी राज्यभर फिरली. ती टिपली होती गावातल्याच लोकांनी. आता त्यांतले एखादे चित्र शोधायला बसा. कुणी घेतले, कुठल्या शिवारातले, कुठल्या दिवशीचे, हे सांगणारे पान हाती लागणे कठीण. बोलायची एवढी सोय कधीच नव्हती, आणि बोललेले इतक्या लवकर हरवतही नव्हते.

याचा दोष मोबाइलला देऊन भागणार नाही. या जिल्ह्यातल्या माणसाने काय लिहावे आणि त्याचे लिहिलेले किती टिकावे, हे गेली शंभर वर्षे त्याच्या हिमतीइतकेच लिहिण्याच्या जागेचा धनी कोण यावर ठरत आले आहे. मधली दहा-पंधरा वर्षे ब्लॉगच्या रूपाने ही जागा बरीचशी त्याच्या ताब्यात आली होती. ती कुणी हिसकावून घेतली नाही, आपणच सोडली. त्याची किंमत व्यापार, बातमी आणि मनातले बोलणे या तिन्ही ठिकाणी आपण आज मोजतो आहोत.

पहिला धनी हैदराबादचा निजाम. त्याच्या संस्थानात सरकारदरबारची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. जिल्ह्यातल्या बहुसंख्यांची मराठी. सभा घ्यायची तर 'गश्ती निशाण ५३' या फर्मानाप्रमाणे आधी परवानगी. लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याला १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली, पुढे मुक्तिलढ्याचे नेते झालेले स्वामी रामानंद तीर्थ तिथे शिकवायला आले, आणि राजकारणाचे दार बंद असलेल्या मुलखात शाळेनेच सभेचे काम केले. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये 'मराठवाडा' साप्ताहिक काढले. सरकारने बंदी घातली की ते दुसऱ्या नावाने निघे. त्यावर बंदी आली की तिसऱ्या. वाचकाला मजकूर ओळखीचा असे, फक्त वरचे नाव नवे. धाराशिवला लागून सोलापूर आणि बार्शी ही इंग्रजी अमलातली गावे होती, त्यामुळे हद्दीपलीकडचे छापील कागद अलीकडे आणणे अवघड असले तरी अशक्य नव्हते. खुद्द हैदराबादेत 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान संस्थान भारतात विलीन व्हावे असे लिहीत राहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. त्यानंतर महिन्याच्या आत, १७ सप्टेंबरला, निजामाची राजवट संपली.

स्वातंत्र्यानंतर परवानगीची अडचण गेली आणि अंतराची आली. जिल्ह्याची बातमी छापली जाई सोलापूरला, औरंगाबादला, पुढे लातूरला. ती पाठवणारा तालुक्याचा वार्ताहर नावापुरत्या मानधनावर राबे. त्याची खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. साखर कारखान्याच्या अध्यक्षांचा वाढदिवस, बाजार समितीची निवडणूक, जिल्हा बँकेची सभा या पुरवण्यांवर त्याचा दिवाळसण चाले. ज्यांच्याकडून जाहिरात घ्यायची त्यांच्याविरुद्ध बातमी द्यायची कशी, हा पेच त्याच्या स्वभावातून आला नव्हता, धंद्याच्या रचनेतून आला होता. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर महाराष्ट्रातल्या 'पेड न्यूज'ची चर्चा देशभर झाली. गावपातळीवर तिची सवय फार जुनी होती.

या काळातली सगळ्यात मोठी बातमी ३० सप्टेंबर १९९३ ची. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमाराला लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरची जमीन हादरली. सुमारे दहा हजार माणसे गेली. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीबरोबर इकडचे सास्तूर आणि उमरगा-लोहारा भागातली गावे जमीनदोस्त झाली. देशोदेशीचे पत्रकार आले आणि त्यांतल्या अनेकांनी मनापासून काम केले. तरीही त्या भूकंपाचा जो लिखित इतिहास उरला, तो मुख्यतः बाहेरून आलेल्यांनी लिहिलेला आहे. सास्तूरचा माणूस त्यात छायाचित्रात आहे, मदतीच्या रांगेत आहे, आकडेवारीत आहे. त्याने स्वतः लिहिलेले पान क्वचित आढळते. पत्र्याच्या शेडमध्ये काढलेली वर्षे, नव्या वसाहतीत भावकीपासून दूर मिळालेले घर, हे सांगायला त्याच्याकडे जागाच नव्हती.

ती जागा आली एकविसाव्या शतकाच्या आरंभी. आधी मराठी संकेतस्थळ वाचायचे तर प्रत्येकाचा वेगळा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. युनिकोड रुळल्यावर तो त्रास संपला आणि घरच्या संगणकावर लिहिलेली देवनागरी जगात कुठेही जशीच्या तशी दिसू लागली. ब्लॉग फुकट होता. संपादकाची मर्जी, कागदाचा खर्च, एजंटाची थकबाकी यांतले काहीच आड येत नव्हते. बहुतेक ब्लॉगही परदेशी कंपनीच्याच जागेवर होते, हे खरे. पण तिथे प्रत्येक लेखाला स्वतःचा पत्ता होता, तारीख होती, आणि सगळे लेखन उतरवून दुसरीकडे नेण्याची मुभा होती. जागा दुसऱ्याची असली तरी किल्ली लिहिणाऱ्याच्या खिशात होती.

धाराशिवशी नाते असलेले याचे उदाहरण मराठी पत्रकारांना चांगले आठवत असेल. २०११ च्या सुमारास 'बेरक्या उर्फ नारद' या ब्लॉगने वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतली खबर बाहेर आणायला सुरुवात केली: कुठे पगार थकले, कुणाची बदली झाली, कुठली आवृत्ती बंद पडणार. जगाची बातमी देणाऱ्या धंद्याची बातमी तोवर कुणीच देत नव्हते. ती मुंबई-पुण्याच्या पत्रकारांनाही वाचावीशी वाटली आणि हा ब्लॉग मुंबई-पुण्याच्या नव्हे, या जिल्ह्यातल्या पत्रकाराच्या हातचा होता, यात त्या माध्यमाची सगळी ताकद दिसते. त्याची कमजोरीही तिथेच दिसते. टोपणनावाच्या आडून लिहिले की नोकरी वाचते, पण खबर आणि अफवा यांच्यातली भिंत पातळ होते, आणि ज्याच्याविषयी लिहिले त्याने खुलासा कुणाकडे मागायचा हा प्रश्न उरतो.

बातमी एका जागी टिकून राहिली की काय होते, याचेही उदाहरण जिल्ह्यातच आहे. २०१६ च्या अखेरीस उस्मानाबाद जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने थकबाकीदार शेतकऱ्यांना पत्रे पाठवून दारासमोर तंबू ठोकण्याचा आणि बँड वाजवण्याचा इशारा दिला. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'पारी' या संकेतस्थळावर त्याचा तपशीलवार वृत्तांत आला. जाहिरातींवर न चालणाऱ्या अशा संग्रहात तो नाव-गाव-तारखेनिशी राहतो. उद्या कर्जवसुलीचा इतिहास लिहायला बसणाऱ्याला त्याचा आधार आहे. त्याच आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या शेकडो संतप्त संदेशांपैकी एकही त्याच्या हाती लागणार नाही.

व्यापाराचा विचारही याच अंगाने करावा लागतो. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याने लिहून ठेवले म्हणून आपल्याला कळते की तगर, म्हणजे आजचे तेर, इथला माल गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जात असे. आज कुंथलगिरीचा खवा, तुळजापूरची कवड्यांची माळ आणि उस्मानाबादी शेळी यांना गिऱ्हाईक शोधायला परक्या खलाशाची गरज नाही. शेळीपालक स्वतः व्हिडिओ टाकतो, वजन-वय-किंमत सांगतो आणि दुसऱ्या जिल्ह्यातला माणूस फोन करतो. कळंब तालुक्यातल्या हासेगावचे भास्कर चंदनशिव यांच्या 'लाल चिखल' कथेतला बाप भाव कोसळल्यावर बाजारातच आपले टोमॅटो पायाखाली तुडवतो. ते दुःख शहरातल्या वाचकापर्यंत पोचायला कथाकार लागला, प्रकाशक लागला, पाठ्यपुस्तक लागले. आज तसाच शेतकरी रस्त्यावर टोमॅटो ओततो तेव्हा तासाभरात सगळे राज्य ते पाहते. २०१७ च्या जूनमध्ये पुणतांब्यातून निघालेला शेतकरी संप गावोगाव पसरला, त्यात मोबाइलचा वाटा मोठा होता.

मात्र मोंढ्यातला आडत्या गेला म्हणून मध्यस्थ गेला असे होत नाही. आडत्याची पट्टी निदान हातात पडत असे. तीत तोलाई, हमाली, कमिशन वाचता येई आणि भांडताही येई. आजचा मध्यस्थ कुठला व्हिडिओ कुणाला दाखवायचा हे ठरवतो आणि त्याचा हिशेब कुणाला देत नाही. व्हिडिओतली शेळी आणि दारात उतरलेली शेळी एकच आहे याची हमीही तो घेत नाही. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पानावर वर्षानुवर्षे लिहिणाऱ्या विक्रेत्याची पत मात्र त्याच्या जुन्या लेखांतून तपासता येते. बाजारात पत जुन्या व्यवहारांवरच उभी राहते, आणि जुने व्यवहार पुसून टाकणाऱ्या जागी ती उभी राहत नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची मोबाइल सेवा आली, डेटा स्वस्त झाला आणि लिहिणारे झपाट्याने फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूबकडे वळले. यात वाईट काय, असे कुणी विचारेल आणि त्याचा प्रश्न रास्त आहे. ब्लॉग लिहिणारा वर्ग मुळात लहान होता. संगणक, टंकलेखन, प्रमाण मराठी आणि फावला वेळ असणाऱ्यांचा होता. ऊसतोडीला जाणारी बाई ब्लॉग लिहीत नव्हती. आज तिने म्हटलेली ओवी मोबाइलवर ऐकता येते. मराठवाड्याची बोली 'शुद्ध करून' घेणारा संपादक मध्ये उरला नाही, हेही चांगलेच झाले. अभिव्यक्तीचे दार यामुळे रुंद झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण घर भाड्याचे आहे. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि खेड्यापाड्यांतल्या कितीतरी कलाकारांचे काम, ओळख आणि मिळकत एका रात्रीत गेली. त्याआधी ऑर्कुट गेले होते, त्याआधी जिओसिटीज. कुलूप कधी सरकारने लावले, कधी मालकाने; भाडेकरूला कुणीच विचारले नाही. दुसरे नुकसान याहून भयंकर आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षुकी करणाऱ्या पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, बहुतेक आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले. त्या काळात फिरणाऱ्या तसल्या संदेशांना लेखक नव्हता, तारीख नव्हती, पत्ता नव्हता. वाईट ब्लॉगलाही या तीन गोष्टी, किमान शेवटच्या दोन, असतात आणि म्हणून त्याला जाब विचारता येतो.

कायद्याची चाल या बाबतीत नेहमीच उलटी राहिली आहे. २०१२ मध्ये पालघरला फेसबुकवरच्या साध्या मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. अशा अटकांना आधार देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द व्हायला मार्च २०१५ उजाडावा लागला. १८६७ चा छापखान्यांचा कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा आला, तरी नोंदणी छापील नियतकालिकांचीच राहिली. एकट्याने संकेतस्थळ चालवणाऱ्या तालुक्याच्या पत्रकारामागे ना संस्थेचा वकील आहे, ना मालकाचे नाव. नोटीस आली की मजकूर काढून टाकणे त्याला परवडते, लढणे परवडत नाही. निजामाच्या काळात वाघमारे यांना नाव बदलून पुन्हा निघता आले, कारण मजकूर त्यांच्या हाती होता. आजच्या लिहिणाऱ्याचे खाते बंद झाले तर त्याचा जुना मजकूरही त्याच्याजवळ उरत नाही.

तेव्हा जिल्ह्याने काय करावे? लिहिणाऱ्यांनी फेसबुक-यूट्यूब खुशाल वापरावे, पण मूळ मजकूर स्वतःच्या नावाच्या पानावर, तारखेसह ठेवावा; चूक झाली तर लेख न पुसता खाली दुरुस्ती लिहावी; पैसे घेऊन लिहिले असेल तर तसे पहिल्या ओळीत सांगावे. महाविद्यालयांच्या मराठी आणि इतिहास विभागांनी जिल्ह्यातले ब्लॉग, बंद पडलेली पोर्टले आणि पुरवण्या उतरवून ठेवण्याचा प्रकल्प हाती घ्यावा. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे बदलल्यामुळे ही निकड वाढली आहे: एका नावाखालचे जुने लेखन आणि दुसऱ्या नावाखालचे नवे, दोन्ही एकाच नोंदीत सापडले पाहिजे. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतात-गढीत सापडणाऱ्या मृण्मूर्ती आणि नाणी जन्मभर गोळा केली, म्हणून तिथे आज संग्रहालय उभे आहे. ते काम त्यांनी सरकारी आदेशाची वाट न पाहता केले.

देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत नीती आयोगाने २०१८ मध्ये उस्मानाबादचे नाव घातले. पाणी, शिक्षण, आरोग्य यांचे आकडे त्यासाठी मोजले गेले. आपल्याविषयी आपणच लिहिलेले किती टिकले, हा आकडा कुठलाही आयोग मोजणार नाही. तो वाढवायला फार मोठा निधीही लागत नाही. लागते ती जागा स्वतःच्या नावावर करण्याची आणि तिथे नियमाने, सहीनिशी लिहिण्याची तयारी. ती नसेल, तर पुढच्या पुराचा आणि पुढच्या दुष्काळाचा इतिहासही किल्लारीच्या भूकंपासारखा दुसऱ्यांनीच लिहिलेला असेल, आणि या वेळी साधन नव्हते अशी सबब आपल्याला सांगता येणार नाही.