घर सोडून आलेल्यांचें घर

ज्यांच्या आजोबा-पणजोबांस विश्वासापायीं घर सोडावें लागलें, त्यांनींच पुढें आपल्या लेकराला घराबाहेर काढावें, यापरता विपरीत प्रकार दुसरा कोणता? २०२३ पर्यंत सरकारदरबारीं औरंगाबाद म्हणविल्या जाणाऱ्या छत्रपति संभाजीनगरांतील ख्रिस्ती मंडळ्यांपुढें आम्ही आज हा एकच प्रश्न ठेवीत आहों. विषय आहे त्यांच्या घरांत वाढणाऱ्या तृतीयपंथी मुलाचा. त्याविषयीं कुजबुज पुष्कळ होते, बोलणें होत नाहीं. म्हणून आम्ही स्पष्ट बोलतों.

या समाजाचा पाया कोणी घातला तें प्रथम आठवूं. बाबा पदमनजी यांनीं १८५४ सालीं बाप्तिस्मा घेतला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं तो १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस घेतला, आणि त्यापायीं लक्ष्मीबाईंचा व त्यांचा संसार कांहीं वर्षें कसा दुभंगला, हें 'स्मृतिचित्रें' वाचणाऱ्या प्रत्येक मराठी माणसास ठाऊक आहे. खुद्द औरंगाबादेंत चर्च मिशनरी सोसायटीचें काम ज्यांनीं एकोणिसाव्या शतकांत चालविलें ते रेव्हरंड रतनजी नवरोजी पारशी घराण्यांतून आलेले. आसपासच्या खेड्यांतून जीं कुटुंबें ख्रिस्ती झालीं, तीं बहुतांशीं गांवकुसाबाहेरचीं. या सर्वांस एकच वाक्य ऐकावें लागलें: देवानें ज्या जातींत जन्म दिला तींतच राहावें. तें त्यांनीं मानलें नाहीं. जन्मानें लादलेली ओळख ही माणसाची अखेरची ओळख नव्हे. अंतःकरणाच्या साक्षीसाठीं नांव, पोशाख व आप्त यांस मुकावें लागलें तरी मुकावें, हा धडा हा समाज ग्रंथांतून नव्हे, अंगावर घाव सोसून शिकला.

आतां अशाच घरीं जन्मलेलें एक मूल घ्या. बाप्तिस्म्याच्या वहींत त्याची नोंद मुलगा म्हणून झाली. आठ-नऊ वर्षांचें होतें न होतें तोंच त्यास उमगतें कीं, आपण मुलगी आहों. शब्बाथशाळेंत मुलगे एका बाजूस, मुली दुसऱ्या. नाताळच्या नाटकांत त्याच्या हातीं मेंढपाळाची काठी देतात, त्याची दृष्टि मरीयेच्या ओढणीवर खिळलेली. प्रथम सारे हंसतात. मग बाप हंसणें थांबवितो, आई उपास धरते, आणि कोणी प्रार्थना करणारा येऊन डोक्यावर हात ठेवून भूत काढूं पाहतो. भूत निघत नाहीं, कारण तें नसतेंच. पण दोष मात्र मुलाच्या अविश्वासाच्या माथीं बसतो. पुढें लग्नाची भाषा निघते. एके रात्रीं मूल रेल्वे स्टेशन गांठतें.

यापुढचें दुःख ख्रिस्ती मुलाचें विशेष आहे. हिजड्यांच्या घराण्यांत बहुचरा मातेस स्थान आहे. मुसलमानी रीतींस तर मोठेंच आहे. परंतु पाळण्यांत ऐकलेलीं ख्रिस्ती भजनें तेथें ओळखणारें बहुधा कोणी नसतें. अशा मुलाचें घर सुटतें तेव्हां त्याचा देवहि सुटतो. मंडळी म्हणते, तें विश्वास सोडून गेलें. आम्ही विचारतों, गेलें कीं घालविलें? २०११ च्या खानेसुमारींत महाराष्ट्रांत ४०,८९१ माणसें 'इतर' या सदराखालीं नोंदलीं गेलीं. तीं आकाशांतून पडलीं नव्हतीं. प्रत्येकास कोणी तरी जन्म दिला होता.

यावर पहिला आक्षेप असा येईल कीं, देवानें जसें घडविलें तसेंच राहिलें पाहिजे. वाचकांनीं हें वाक्य नीट कानांत घ्यावें. वर सांगितलेलें जातीचें वाक्य तें हेंच. केवळ 'जाति' हा शब्द काढून तेथें 'लिंग' घातला आहे. जो युक्तिवाद आजोबांवर चालला तेव्हां अन्याय होता, तो नातवंडावर चालवितांना धर्म कसा होतो? कोणी म्हणेल, जाति मनुष्यकृत आहे, शरीर ईश्वरकृत. ठीक, पण मूल ज्या मनानें आपल्याला ओळखतें तें मन तरी कोणी घडविलें?

दुसरा आक्षेप शास्त्राचा. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायांत षंढास परमेश्वराच्या मंडळींत प्रवेश नाकारला आहे, हें खरें. पण शास्त्र तेथें संपत नाहीं. यशयाच्या छपन्नाव्या अध्यायांत त्याच षंढास परमेश्वर आपल्या घरांत असें नांव देऊं करतो, जें पुत्रकन्यांच्या नांवाहून श्रेष्ठ व कधींहि न पुसलें जाणारें आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायांत एक हबशी षंढ वाटेंत पाणी पाहून फिलिप्पास विचारतो कीं, मला बाप्तिस्मा घेण्यास आडकाठी काय? फिलिप्प कमिटी भरवीत नाहीं. रथांतून उतरून त्याच्यासह पाण्यांत जातो. प्राचीन काळचा षंढ आणि आजचा तृतीयपंथी एकच नव्हेत, हें आम्ही जाणतों. पण दोघांविषयीं प्रश्न एकच आहे: ज्याचें शरीर वा मन रूढ सांच्यांत बसत नाहीं, त्यास देवाच्या घरांत जागा आहे कीं नाहीं? शास्त्र 'नाहीं' पासून निघून 'आहे' पर्यंत चालत गेलें. मंडळीनें उलट पावलीं कां जावें?

तिसरा आक्षेप हें पाश्चात्य खूळ असल्याचा. ज्यांच्या धर्मालाच परकी म्हणून हिणविलें जातें, त्यांनीं तरी हें शस्त्र उचलूं नये. शिवाय इतिहास उलटें सांगतो. हिजड्यांचे समूह या भूमींत इंग्रजांच्या आधींपासून होते. त्यांची पोलिसांत नोंद करविणारा कायदा इंग्रज सरकारनें १८७१ सालीं केला. औरंगाबाद ज्या निजामी राज्यांत होतें, तेथेंहि १९१९ सालीं तसलाच कायदा झाला. स्त्रीवेष करून रस्त्यांत दिसणाऱ्यास वॉरंटावांचून पकडण्याची त्यांत सोय होती. तेलंगणाच्या उच्च न्यायालयानें तो २०२३ सालीं रद्द ठरविला. पाश्चात्यांकडून या बाबतींत कांहीं आलें असेल, तर तें पोलिसांचें नोंदपुस्तक होय.

रोमचें मत काय, असें कॅथलिक वाचक विचारतील. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं मंजूर केलेल्या उत्तरांत म्हटलें आहे कीं, लोकांत गोंधळ वा अपवाद माजण्याचा संभव नसेल तर तृतीयपंथी व्यक्तीस इतरांप्रमाणेंच बाप्तिस्मा घेतां येतो. पुढच्याच एप्रिलांत रोमनें लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेविरुद्ध लिहिलें, तेंहि आम्ही लपवीत नाहीं. शस्त्रक्रियेविषयीं ज्यास जें मत ठेवावयाचें तें त्यानें खुशाल ठेवावें; परंतु लेकरास घराबाहेर काढा, असें यांपैकीं कोणत्याहि पत्रांत लिहिलेलें नाहीं. कोची येथें २०१६ च्या अखेरीस तृतीयपंथीयांची शाळा निघाली तेव्हां तिला जागा कॅथलिक भगिनींनींच दिली. तिकडे जें झालें तें मराठवाड्यांत होऊं नये असा कांहीं दैवी संकेत नाहीं.

सर्वोच्च न्यायालयानें १५ एप्रिल २०१४ रोजीं तृतीयपंथीयांस नागरिकत्वाचा पूर्ण मान दिला, आणि २०१९ सालीं झालेल्या कायद्याच्या बाराव्या कलमानें असें मूल केवळ तृतीयपंथी म्हणून आईबापांपासून तोडूं नये असें ठरविलें. सरकारला जें सुचलें तें धर्मास आधीं सुचावयास हवें होतें. आमचें मागणें मोठें नाहीं. पाळकानें अशा घरीं भूत काढण्यास जाऊं नये, आईबापांस धीर देण्यास जावें. शब्बाथशाळेंत टवाळी करणाऱ्यास उठवावें, टवाळी सोसणाऱ्यास नव्हे. मूल जें नांव सांगेल त्या नांवानें त्यास हांक मारावी. परत आलेल्यास प्रभुभोजनाच्या मेजाशीं आणि शेवटीं दफनभूमींत जागा द्यावी.

मराठी भाषा 'मूल' हा शब्द ना पुल्लिंगी ठेविते, ना स्त्रीलिंगी. तरी त्यामुळें कोणी मुलास मांडीवर घ्यावयाचें थांबलें नाहीं. भाषेस जें साधलें तें मंडळीस साधत नसेल, तर घर सोडून आलेल्या आपल्या पूर्वजांचें नांव तिनें यापुढें अभिमानानें घेऊं नये.