फास्ट कोण? आधी प्लग काढून बघा!

प्रोजेक्टचे दिवस आले की आमच्या गोरेगावच्या होस्टेलमध्ये एकच भांडण ऐकू येतं: कुणाचा डेटाबेस फास्ट? यंदा वाद एम्बेडेड डेटाबेसवर आहे, म्हणजे वेगळा सर्व्हर नाही, लायब्ररी आपल्याच प्रोग्रॅममध्ये आणि डेटा साध्या फाइलमध्ये. प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये एस्क्यूएलाइट असतोच. मेसच्या हिशेबाला एवढं पुरे. त्यासाठी सर्व्हर लावणं म्हणजे फिल्मसिटीला विमानाने जाणं!

पण जो तो वेगाचा तक्ता दाखवतो. एचटू पहिला, एस्क्यूएलाइट ढ. का, ते कुणी विचारत नाही. एस्क्यूएलाइट प्रत्येक कमिटला डेटा डिस्कवर पोचेपर्यंत थांबतो. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते आणि एका ट्रान्झॅक्शनला साधारण दोन फेऱ्या लागतात. म्हणजे सेकंदाला साठेक. (कॉन्व्हेंटवाली असले तरी एवढं गणित मराठीत जमतं!) तेच इन्सर्ट एका बिगिन-कमिटमध्ये घाला, सेकंदाला ५०,००० सुद्धा जातात. एसएसडीवर हे आकडे बदलतील, मुद्दा तोच.

उलट एचटू आणि एचएसक्यूएलडीबी, सेटिंग बदललं नाही तर, आधी "झालं" म्हणतात आणि डिस्कवरचं काम अर्ध्या सेकंदापर्यंत पुढे ढकलू शकतात. एचटूवाले हे आपल्या माहितीपत्रकात सरळ सांगतात, लपवत नाहीत. बिचारा डर्बी डिस्कसाठी थांबायचा, म्हणून तक्त्यात मागे पडायचा. २०२५ मध्ये तो प्रोजेक्टच निवृत्त झाला.

आता जूनचा पहिला पाऊस, लाईट गेली. कुणीतरी नुकतेच मेसचे पैसे भरलेत, स्क्रीनवर "जमा" दिसलंय आणि फाइलमध्ये नोंदच नाही. पुन्हा पैसे कोण भरणार? तक्ता बनवणारा नक्कीच नाही.

एस्क्यूएलाइटही काही संत नाही. रकमेच्या रकान्यात "उद्या देतो" लिहिलं तरी मुकाट्याने ठेवून घेतो. स्ट्रिक्ट टेबल २०२१ मध्ये आली, ती मागून घ्यावी लागतात. फॉरेन कीची तपासणी आपण चालू केल्याशिवाय सहसा होतच नाही. या बाबतीत एचटू जास्त शिस्तीचा. शिवाय एस्क्यूएलाइटमध्ये एका वेळी लिहिणारा एकच. २०१० च्या वॅल मोडमुळे वाचणारे अडत नाहीत, पण दहा काउंटरवरून एकदम लिहायचं असेल तर सर्व्हरच घ्या.

म्हणून सरांना आणि मॅडमना विनंती: व्हायव्हाला वेगाचा आकडा विचारू नका. लॅबमधला जुना डेस्कटॉप घ्या, नोंदी चालू असताना प्लग काढायला लावा. टास्क मॅनेजरमधून प्रोग्रॅम बंद करणं चालणार नाही, कारण ऑपरेटिंग सिस्टीमच्या हातात पोचलेला डेटा तेव्हा वाचतो. मग मशीन सुरू करून "जमा" म्हटलेल्या पावत्या मोजा. आमच्या ग्रुपपासून सुरुवात केलीत तरी चालेल.