सध्या काय करतो?

घरी पाहुणे आले की आतल्या खोलीचे दार हलकेच लोटले जाते. बैठकीत चहा देण्यापूर्वी आई एक कप निमूटपणे आत नेऊन ठेवते. पाहुणे जुने स्नेही असले, तर इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर विचारतातच, "आणि थोरले चिरंजीव? सध्या काय करतात?" वडील जे काही उत्तर देतात, ते लोटलेल्या दाराआड अगदी स्पष्ट ऐकू जाते. हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण बी. ए. झाल्यानंतर एकोणीस महिने त्या दाराआड मीच बसलेला होतो.

आज असे दार अनेक घरांत आहे. मुलगा पंचविशीचा, पदवीधर. 'परीक्षांची तयारी चालू आहे' हे घरचे ठरलेले उत्तर. अशा मुलाला आळशी म्हणण्यापूर्वी थोडा हिशेब पाहावा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी १०,१६,८५० अर्ज आले, ५,९२,१४१ उमेदवार प्रत्यक्ष परीक्षेस बसले आणि नेमणुकीची शिफारस झाली १,०१६ जणांची. खुल्या प्रवर्गासाठी तेथे वयाची मर्यादा ३२ वर्षे. महाराष्ट्राच्या राज्यसेवेसाठी २०१६ मध्ये ती ३३ वरून ३८ करण्यात आली. म्हणजे प्रामाणिकपणे अभ्यास करणाराही बहुधा मागेच राहणार, आणि आशा मात्र तिशी ओलांडली तरी सुटत नाही. अर्थात आळस नसतोच असे नव्हे. दहा वाजता उठण्याची सवय मलाही लागली होती, आणि तिचा दोष आयोगाकडे जात नाही.

१९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याप्रमाणे मुलगा सज्ञान झाला की त्याला पोसण्याचे आईबापांवरील बंधन संपते. पण आपली घरे कायद्याच्या कलमांवर चालत नाहीत. ताटावर बसलेल्या मुलाला कोणी उठवीत नाही. जे घडते ते निराळेच. माझे वडील मला एका शब्दानेही बोलले नाहीत. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते घड्याळाखाली शंभराच्या दोन नोटा ठेवीत, आणि सारे निजल्यावर मी त्या उचलीत असे. एखादी नोट आई त्यांच्या अपरोक्ष माझ्या मुठीत कोंबी. त्या मौनापेक्षा चार शब्द ऐकावे लागले असते तरी बरे, असे मला वाटे. बोलणारी घरेही मी पाहिली आहेत. पण तेथे बोलणे होते ते शेजाऱ्याच्या मुलाचे, आणि तेही पाहुण्यांसमक्ष.

मुलींविषयी येथे एक सांगितले पाहिजे. पदवी घेऊन घरी बसलेल्या मुलीला 'काय करतेस' असे कोणी विचारीत नाही, लग्नाचे विचारतात. ती स्वयंपाकघर सांभाळते, म्हणून तिची बेकारी कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. सरकारी पाहणीतही केवळ घरकाम करणारी स्त्री बेकारांत धरली जात नाही. तिला काम हवे आहे काय, हे निदान घरच्यांनी तरी विचारावे.

आणखी एक भेद ओळखावा लागतो. जो मुलगा कोणाशीच बोलत नाही, ज्याची झोप व भूक बिघडली आहे, त्याला उपदेश करू नये. त्याला डॉक्टरांची गरज असते. मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. आईवडिलांनीही त्यावर बोलावे.

आमच्या घरी मौन सुटले ते एका रात्री, जेवणानंतर. वडिलांनी जमाखर्चाची वही माझ्यापुढे उघडून ठेवली. त्यांचे निवृत्तिवेतन, घरभाडे, आजीची औषधे आणि शेवटी माझे दोनशे. "हे तुला ठाऊक असावे," एवढेच ते म्हणाले. मग वाटणी झाली. विजेचे बिल, भाजी, आजीची औषधे आणि नोव्हेंबरात तिला बँकेत नेऊन हयातीचा दाखला देणे ही कामे माझ्याकडे आली. परीक्षा कुठवर द्यायची, हे त्यांनी सांगितले नाही, मला विचारले. मी पुढच्या निकालापर्यंत म्हणालो. त्यांनी तो महिना वहीत लिहिला आणि आईलाही वाचून दाखविला. त्यानंतर मुठीतली नोट बंद झाली. घड्याळाखालच्या नोटा दिवसाढवळ्या माझ्या हातात येऊ लागल्या. पाहुणे आले की मी बाहेर येऊन गप्पा मारू लागलो असे मुळीच नाही, पण चहाचा ट्रे मी नेऊ लागलो.

निकालात माझा क्रमांक नव्हता. दुसऱ्या आठवड्यात एका छापखान्यात मुद्रिते तपासण्याचे काम धरले. पगार सांगण्याजोगा नव्हता. पहिल्या संध्याकाळी घरी आलो, तेव्हा वडिलांनी चष्मा पुसत विचारले, "दिवसाकाठी किती पाने वाचून होतात?"