आधी गावाला विचारा, मग नकाशावर रेघ ओढा

वसईच्या पश्चिम पट्ट्यात बागायतीला वाडी म्हणतात. वाडीत केळी, पानवेल, भाजी, फुले आणि कडेला बावखल. पावसाचे पाणी बावखलात साठते, जमिनीत मुरते, विहिरी गोड राहतात. समुद्र हाकेच्या अंतरावर असून इथली बागायत टिकली ती या बावखलांच्या जिवावर. ते बुजवून भराव टाकला की आजूबाजूच्या विहिरींचेही पाणी बिघडते. म्हणून वसईतला जमिनीचा तंटा हा दोन भावांतला बांधाचा तंटा नव्हे. तो साऱ्या गावाचा आहे.

तो आजचाही नाही. १९९० साली शासनाने वसई-विरारसाठी सिडकोला नियोजन प्राधिकरण नेमले. त्याच सुमारास टँकरवाल्यांचा पाणीउपसा आणि जमीनमाफियांची दंडेली यांविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो व हरित वसई संरक्षण समितीने लोकांना रस्त्यावर आणले. २००९ साली चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून महानगरपालिका झाली आणि गावे पुन्हा पेटली. गावे वगळा या मागणीवर त्याच वर्षी विवेक पंडित आमदार झाले. २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळायचे ठरवले. प्रकरण कोर्टात गेले आणि घोंगडे भिजत पडले. २०२४ साली शासनाने ती गावे पालिकेतच ठेवण्याचे पाऊल उचलले. म्हणजे तेरा वर्षे थांबून गावकरी पुन्हा होते तिथेच!

शहरातले लोक म्हणतात, यांचा विकासाला विरोध. साफ चूक. रस्ता, नळ, दवाखाना कोणाला नको? दुखणे वेगळे आहे. पंचायत गेली की ग्रामसभाही जाते. मग आपल्या वाडीवर आरक्षण पडले हे नकाशा भिंतीवर लागल्यावरच कळायचे.

बरे, आरक्षणाचे पुढे होते काय? नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव ठेवलेल्या जागेवर ४१ बेकायदा इमारती उभ्या राहिल्या. हायकोर्टाच्या आदेशानंतर २०२५ च्या सुरुवातीला त्या जमीनदोस्त झाल्या आणि पै पै जोडून घर घेतलेली कुटुंबे उघड्यावर आली. एकेचाळीस इमारती काही एका रात्रीत उगवत नाहीत. त्या वेळी साहेबलोक कुठे बघत होते?

पण बाबांनो, सगळा दोष सरकारवर टाकून भागणार नाही. दलालाला वाडीची वाट दाखवली कोणी? आपल्यातल्यांनीच. बहिणींना न विचारता विसार घेतला कोणी? तेही आपणच.

तेव्हा दोन कामे आपल्या हातची आहेत. दर सहा महिन्यांनी सातबारा आणि फेरफार तपासा. फेरफार धरल्यावर तलाठ्याने चावडीवर नोटीस लावून हितसंबंधितांना कळवायचे असते. हरकत असेल तर मुदतीत लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी बोंब मारून कागद बदलत नाही.

अधिकाऱ्यांनाही एक सांगणे. कायद्यात ग्रामसभा उरली नसेल, पण गाव उरले आहे. आरक्षण टाकण्याआधी, बावखलावर भरावाची परवानगी देण्याआधी गावच्या देवळासमोर, चर्चच्या पटांगणात एक बैठक घ्या. एका संध्याकाळचे काम आहे. ते टाळले की पुढची वीस वर्षे कोर्टात आणि मोर्चात जातात, हे वसईने पुरते पाहिले आहे.